पितळेचा चहा

मला चहा चालत नाही. दोन घोट घेतले तरी दुपारी पित्त उसळतं. हे आधीच सांगते, म्हणजे नंतर कुणी मला शहाणी समजायला नको.

सत्त्याण्णव साली बाजारात सुट्ट्यांचा दुष्काळ पडला. गंगेवर, आमच्या नदीकाठच्या बुधवारच्या बाजारात, मी भाजी विकायचे. मेथीची जुडी दोन रुपयांना, आणि गिऱ्हाईक दहाची नोट पुढे करायचं. आठ रुपये मोड आणायची कुठून? पुलाच्या तोंडाशी जमीलभाईंची चहाची गाडी होती. त्यांनी तांबट आळीतून पितळेच्या कातरणांचे गोल बिल्ले करून आणले, वर कपाचा छाप स्वतः मारला. एक बिल्ला म्हणजे एक चहा, किंमत दोन रुपये. मोड नसली की ते बिल्ला द्यायचे. चहा इतका झकास, की कुणी कुरकुरलं नाही. महिन्याभरात सगळा बाजार बिल्ल्यांवर चालू लागला. मीही घ्यायचे. शेजारचा पुंजाराम कांदेवाला हसायचा, "चहा पीत नाय आन् बिल्ले साठवती!"

"तू घेतो ना माझ्याकडून? मग झालं," मी म्हणायचे.

पुढच्या जूनमध्ये पुलापलीकडे फुलं आणायला गेले. कुसाबाई झेंडूचा वाटा दोन बिल्ल्यांना द्यायची. त्या दिवशी म्हणाली, तीन. पुढच्या बुधवारी चार.

"का गं?"

"आम्ही काय रोज पूल वलांडून चहा प्यायला येतो व्हय? तुमच्या बाजारातून बिल्ले लय यायला लागले. परवा एक जण पिऊन आला, म्हणतो नुसतं पाणी."

त्याच आठवड्यात पुंजारामने पेपर वाचून सांगितलं, डॉलर बेचाळीस रुपयांवर गेला, आपला रुपया घसरला. का घसरला, ते काही त्याला सांगता येईना. मी म्हटलं, कुसाबाईला विचार.

माझ्याकडे दोनशे बिल्ले होते. संतापाने पाय आपटत गाडीवर गेले. कपातल्या चहाचा रंग बघूनच समजलं.

"किती पाडले, जमीलभाई?"

त्यांनी फडक्याने उगाच तीच जागा पुसली. "पाचशे होते. आता पंधराशे."

त्यांच्या पोरीला, तरन्नुमला, डीएडला प्रवेश मिळाला होता. "कॉलेज बिल्ले घेत नाही ना, वत्सलाबाई. म्हणून रोकड तिकडं भरली आन् दूधवाल्या बहिरूला बिल्ले दिले. साखरवाल्यालाबी. त्यांनी ते बाजारात खपवले. आता सगळे चहाला येतात, दूध कुठून पुरवू? अजून एक हप्ता बाकी हाय. गाडी बुडाली तर पोरीचं शिक्षण गेलं."

मागे तरन्नुम कप विसळत होती. मांडीवर पुस्तक उघडं, पान ओलं झालेलं. मी भांडायला आले होते. फार वाईट वाटलं मला. रागही गेला नव्हता.

"छाप आणा इकडं," मी म्हटलं. त्यांनी लोखंडी छाप काढून दिला. तो मी कनवटीला खोचला. "आता एकबी नवा पाडायचा नाय. आन् दुधात पाणी नाय."

बुधवारी मी तराजूला पाटी अडकवली: बिल्ला पूर्ण दोन रुपयांना घेतला जाईल. दुपारच्या आत टोपली रिकामी, डबा भरलेला. पुढच्या बुधवारी तेच. पुंजाराम कपाळावर हात मारून घ्यायचा. पण आलेला बिल्ला मी परत बाजारात सोडला नाही. मग गाडीवर गर्दी ओसरली, दूध पुरू लागलं, चहाला रंग आला. तिसऱ्या बुधवारी पुंजाराम स्वतःच बिल्ले मागू लागला. म्हणे, चहा न पिणारी बाई एवढे घेते, म्हणजे हिला काहीतरी ठाऊक असणार. महिन्याभरात कुसाबाईही दोनावर आली. माझ्या घरी पत्र्याच्या डब्यात सहाशे बारा बिल्ले पडून राहिले, आणि घरच्यांनी त्यावरून मला वर्षभर ऐकवलं.

दोन हजार एक साली तरन्नुम पाकीट घेऊन आली. शाळेतला पहिला पगार. तोवर नाणी मुबलक झाली होती, बिल्ल्यांना कुणी विचारत नव्हतं.

"मावशी, किती आहेत?"

"सहाशे बारा."

तिने बाराशे चोवीस रुपये मोजून पुढे धरले. मी ते तिच्या मुठीत परत कोंबले.

"बिल्ल्यावर कप हाय. पैसे कुठं लिहिलेत?"

दुसऱ्या दिवशी डब्यातून एक बिल्ला घेतला आणि गाडीवर ठेवला. जमीलभाईंनी तो परत माझ्याकडे सरकवला.

"तुम्हाला त्रास होतो."

"तुमचं तुम्ही बघा. बिल्ला घ्या, चहा द्या."

त्यांनी नवीन चहा ठेवला. पाण्याचा थेंब न घालता, नुसत्या दुधात. मी बाकावर बसून कप तळापर्यंत संपवला. तरन्नुम शाळेत जाता जाता थांबून बघत होती.

दुपारी पित्त उसळलं. पूर्ण दोन रुपयांचं.