धोट्याची पट्टी

मी एक स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार बोलतेय. रंग लाल, कडेचा एक टवका उडालेला. मुक्काम कामठी.

जन्म कारखान्यातला. माझ्यासोबत त्या दिवशी आणखी किती निघाल्या, ठाऊक नाही. धम्मदीपने मला सीताबर्डीच्या दुकानातून आणलं. पहिल्याच उन्हाळ्यात माझ्या मानेच्या टोकाची प्लास्टिकची पट्टी तुटली. साऱ्या तारा तिच्यावरच टेकतात. त्याचे बाबा, बळीराम, यंत्रमागावर विणायचे. माग बंद पडला तेव्हा त्यांनी आडवा धागा नेणारा एक लाकडी धोटा घरी आणून ठेवला होता. त्याचाच तुकडा कापून धम्मदीपने नवी पट्टी बसवली. तिसऱ्या तारेची खाच जरा खोल गेली. ती तार मोकळी वाजवली की किरकिरायची.

"मागच बोलून राहिला ना गा," बळीराम म्हणायचे.

दरवर्षी चौदा एप्रिलला वस्तीच्या स्टेजवर मी तशीच किरकिरले.

दोन वर्षांपूर्वी कन्हानच्या पुलावर धम्मदीप अपघातात गेला. मला कपाटावर ठेवलं. त्या दिवसांचं सांगण्यासारखं काही नाही. धूळ बसत होती.

यंदा त्याची बहीण प्रीती बंगळुरूहून शिकून परतली. भावाच्या जागी स्टेजवर मला वाजवायचं आणि मग वस्तीतल्या पोरींना शिकवायचं, असं तिने ठरवलं.

"आपल्या घरात आलेली वस्तू वाईटच वाजली पाहिजे, हे कोणी ठरवलं आई?"

चार दिवस ती माझ्यावर वाकून होती. तारांखालची चुंबकं बदलली. पोटात तांब्याचा पत्रा चिकटवून घरघर थांबवली. हाडाची नवी पट्टी बसवली, मोजून मापून. मी सुधारले. मला काही वाटलं नाही.

मग तिने भावाची धून वाजवली. तांदूळ निवडणाऱ्या आईचा, कौसल्याचा, हात थांबला.

"चांगला हाय वं आवाज. पण माह्या पोराचा नोहे."

"धोट्याची पट्टी कुठी हाय?" बळीरामांनी विचारलं.

"कचऱ्याच्या गाडीत टाकली, बाबा. वाकडी कापलेली होती."

"वाकडी होती म्हणून फेकली?"

प्रीतीने माझ्या तारा सैल केल्या. मग तिने स्वतःच हाडाची पट्टी उपटून काढली.

बळीरामांनी उरलेला धोटा आणला, तुकडा कापला, खाचा पाडल्या. तिसरीपाशी अडले.

"किती खोल?"

सगळं मोजणाऱ्या प्रीतीने तेवढंच मोजलं नव्हतं.

"घासा जी. मी सांगीन," कौसल्या म्हणाली आणि डोळे मिटून बसली.

तार बाजूला सरकवायची, कानस फिरवायची, तार परत खाचेत, प्रीतीने छेडायची.

"अजून."

पुन्हा कानस.

"अजून थोडं."

मग तार किरकिरली.  कौसल्याने बळीरामांचं मनगट धरलं. बराच वेळ सोडलं नाही.

चौदा एप्रिलला आठ दिवस आहेत. मी खाटेवर पडून आहे. माझी एकच विनंती आहे. ती कानस तेवढी कुठेतरी नजरेआड ठेवा.