क्रांतीची सुनावणी

शिराळ्याचा हंबीरराव फौजेतला निवृत्त सुभेदार होता. तो धाकट्या बहिणीला, क्रांतीला, कधी भिईल असं कुणाला खरं वाटलं नसतं. पण त्या सकाळी सांगलीच्या मनोरुग्णालयात तिच्या सुनावणीआधी तो घाम पुसत बसला होता.

क्रांती गावात ब्लाउज शिवायची. विहिरीत कुणीतरी विष कालवलंय, असं एकाएकी तिच्या मनानं घेतलं. तिनं अन्न सोडलं, मग पाणीही. तिला उभं राहता येईना, तेव्हा हंबीररावानं तिचे हात ओढणीनं बांधले आणि जीपमध्ये घालून सांगली गाठली. दोन डॉक्टरांनी तपासलं, भावानं सही केली आणि तिला मर्जीविरुद्ध दाखल करून घेतलं.

औषधानं ती जेवू लागली. तेव्हा डॉक्टर कीर्ती मगदूम यांनीच तिला सांगितलं, की असं ठेवण्याविरुद्ध कायद्यानं मानसिक आरोग्य मंडळाकडं दाद मागता येते, वकीलही फुकट मिळतो. हंबीरराव चिडला. आजारी माणसाला हे कशाला शिकवायचं, असं त्याचं म्हणणं.

"तिचा हक्क लपवून मी तिला बरं कसं करू?" डॉक्टर म्हणाल्या.

क्रांतीनं अर्ज केला. सुनावणीत मंडळासमोर तिनं वकिलाला थांबवलं आणि ती स्वतःच बोलली.

"दादानं आणलं ते बरं केलं. न्हाईतर मी मेले असते. पन हात बांधले, ते बरं न्हाई केलं. सगळी आळी बघत हुती. आता मला समजतंय, तर मला इचारून औषध द्या."

हंबीररावाची मान खाली गेली. एवढ्या साहेबलोकांपुढं आपल्याला इतकं सरळ बोलता आलं नसतं, हे त्याला कळत होतं.

मंडळानं तिला मोकळं केलं. हंबीरराव पिशवी भरायला लागला, पण क्रांती डॉक्टरांकडं गेली. गोळ्यांनी हात थरथरतो, सुई धरवत नाही, असं तिनं सांगितलं. गोळी बदलून आठवडाभर बघावं लागेल, असं कळल्यावर ती राहिली. या वेळी सही तिची होती.

हंबीरराव रोज एसटीनं भेटायला यायचा. एकदा कसाबसा म्हणाला, "क्रांते, चुकलंच माझं."

"पुन्हा असं झालं तर पूजाला हाक मार," ती म्हणाली. पूजा शेजारची, लहानपणापासूनची मैत्रीण. "तिचं मी ऐकते."

आता गावात कुणाच्या घरी असा आजार निघाला, की लोक सुभेदाराकडं सल्ल्याला येतात. तो त्यांना क्रांतीच्या मशीनपाशी नेऊन बसवतो.

"मला काय इचारता? हिला इचारा," म्हणतो, आणि चहा टाकायला स्वतः आत जातो.