शिक्का, कान आणि मी

मी भिंग बोलतोय. डबीच्या झाकणाएवढं तोंड, काळी मूठ, मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेली. विमानतळावर परदेशी जाणाऱ्यांचे पासपोर्ट तपासायच्या नोकरीवर बाई रुजू झाल्या, त्याच आठवड्यात त्यांनी मला दुकानातून पारखून आणलं. पारखून, बरं का. शिक्का त्यांना कचेरीतून आयता मिळाला होता.

त्या शिक्क्यावर मी पहिल्या दिवसापासून जळायचो. तो ठक्कन पडला की माणसाचा चेहरा खुलायचा, "थँक्यू मॅडम" व्हायचं. मी बाहेर निघालो की त्याच माणसाला घाम फुटायचा. कुठे फोटोची कड उचकटलेली, कुठे सालातला आकडा खरवडलेला, सगळं मी दाखवायचं आणि मिरवायचं त्याने. टाचण्यांच्या डबीशेजारी पडून मी हे तेवीस वर्षं सोसलं.

एकदा भर दुपारी, रांग दारापर्यंत गेलेली, तेव्हा एक मुलगी काउंटरवर आली. विशीची असेल. मागे एक गृहस्थ, दोघांचेही पासपोर्ट त्याच्याच हातात. बाईंना काही खटकलं. त्यांनी मला उचललं. मी फोटो पाहिला, पानांच्या शिवणीचा धागा पाहिला, व्हिसा पाहिला. सगळं खरं. बाईंनी शिक्का उचलला. मला वाटलं, झालं, आजही हाच मिरवणार.

शिक्का उचलता उचलता बाईंनी सहज विचारलं, "हे कोण तुझे?"

"मामा."

"आईचे सख्खे भाऊ का?"

"नाही, बाबांचे. धाकटे."

शिक्का हवेतच राहिला.

"बाबांच्या भावाला मामा म्हणतेस?"

मुलगी गोंधळली. गृहस्थ पुढे सरकला. "आमच्याकडे लाडाने म्हणतात हो."

"लाडाने मलाही लोक काय काय म्हणतात," बाई म्हणाल्या. "तुम्ही त्या बाकावर बसा. ही माझ्याजवळ बसेल."

तासाभरात उलगडा झाला. तो तिचा कुणीच नव्हता. परदेशात काम देतो म्हणून पंधरा दिवसांपूर्वी भेटलेला. मामा म्हण, एवढं त्याने पढवलं होतं, पुढचं पढवायला विसरला. त्याला पोलिसांनी नेलं. मुलीला न्यायला तिची आई आली.

शिक्का कोरडा राहिला म्हणून मला आनंद झाला, तो घटकाभरच. कारण पकडलं कुणी? मी नाही. बाईंच्या कानांनी. त्या दिवसापासून मी कानांवर जळायला लागलो.

पुढे बाई निवृत्त झाल्या. शिक्का कचेरीत जमा झाला आणि मी पिशवीत बसून घरी आलो. निघताना त्याच्याकडे एकदा वळून पाहिलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

आता औषधाच्या बाटलीवरची तारीख, सुईचं नेढं, अशी कामं असतात. आणि वर्षातून एकदा त्या मुलीचं पत्र येतं. अक्षर मुंगीच्या पायांसारखं. माझ्यावाचून बाईंना त्यातली काना-मात्रा कळत नाही. पहिलाच शब्द असतो 'मावशी'. तो मी एवढा मोठा करून दाखवतो.

आणि बाई काय करतात? मला पालथं ठेवतात, डोळे मिटतात, आणि तो शब्द मोठ्याने म्हणून स्वतःच ऐकत बसतात. म्हणजे पुन्हा कानच.

तुम्ही कधी बाईंना पत्र लिहिलंत, तर अक्षर बारीक काढा. आणि मावशी, आत्या असलं काही लिहू नका. नुसतं 'बाई' लिहा. एवढी माझी बाजू घ्या.