एका कामाले एकच सवाल

शेलूबाजारात सैफुद्दीन रंगाऱ्याच्या दुकानात एक कायदा होता. एका कामाले एकच सवाल. दुसरा विचारला तं उस्ताद कान बंद करून घे, अन् माणूस रंगाच्या हंडीसमोर बोंबलत बसे.

जमशेद त्याच्या हाताखाली सात सालापासून होता. एकदा चुलीजवळ उस्तादच्या लुंगीले इस्तव लागला. जमशेद बिचारा घाबरून बोलला, "उस्ताद, पानी टाकू का?" उस्तादनं आधी लुंगी इझवली, मंग एक बोट वर केलं.

"झाला तुहा सवाल."

त्या दिवशी रंग पक्का कराची फिटकरी किती टाकाची हे विचाराचं राहूनच गेलं, अन् पागोट्याचा रंग पह्यल्याच धुण्यात नाल्यानं वाहून गेला.

पण जमशेदही काही कच्च्या गुरूचा चेला नोता. त्यानं एक तोड काढली. सवाल विचाराचाच नाई. चुकीचं बोलाचं, अन् तेही छाती ठोकून.

"उस्ताद, फिटकरी मी सगळ्यात शेवटी टाकतो."

"अबे गधा, फिटकरी आधी असते! बापानं टाकली होती का शेवटी?"

झालं. शिवी खाल्ली अन् अक्कल फुकटात भेटली. अर्धा धंदा तो असाच शिकला.

त्या साली तांड्यावरची मोतीबाई वीस हात पांढरं कापड घेऊन आली. भाचीचं लगन पंधरा दिवसावर होतं, तिच्या फेटियाले, म्हंजे घेरदार घागऱ्याले, लाल रंग पाह्यजे होता. उस्तादनं त्याच्यासाठी अकोल्याहून इलायती रंगाचा डबा आनला होता. नवा माल, कोनीच वापरला नोता. डबा त्यानं जमशेदसमोर ठेवला.

"हे कापड बरोबर उतरव. मंग एक हंडी तुही. रंग तुहा, गिऱ्हाईक तुहं."

घरी जमशेदची बायको अख्तरी रोज विचारे, "हंडी कवा?" सात साल झाले, एकच सवाल, अन् तिले कायदा लागू नोता.

आता डब्यातली पावडर थंड्या पान्यात टाकाची का कढत, हे जमशेदले माईत नोतं. त्यानं आपला डाव टाकला.

"उस्ताद, मी थंड्यातच टाकतो."

अन् शिवीची वाट पाह्यत उभा राह्यला.

"बरं," उस्ताद बोलला.

जमशेद चमकला. "नाई तं कढतातच टाकतो."

"तेही बरं."

आता त्याच्या डोक्यात उजेड पडला. जपून ठेवलेला एकुलता सवाल त्यानं बाहेर काढला.

"उस्ताद, तुमाले तरी माईत हाये का?"

उस्तादनं दाढीवरून हात फिरवला. अन् एक बोट वर केलं.

"झाला तुहा सवाल."

जमशेदच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डबा उचलून उस्तादच्या टोपीत रिकामा करावा वाटलं. त्याऐवजी त्यानं थंड्या पान्याच्या हंडीत पावडर ओतली, कापड बुडवलं अन् खालून जाळ लावला.

दुपारी मोतीबाई आली तं दोरीवर कापड वाळून राह्यलं होतं. लाल कमी, डाग जास्त. जसं कोनी पान खाऊन वीस हात थुंकत गेलं.

"हे काय, मातेचे फोड आले का कापडाले?" मोतीबाई बोलली. "डब्यावर कागद चिटकला हाये ना. काय लिवलं त्याच्यावर?"

दोघं एकमेकाच्या तोंडाकडे पाहू लागले. वाचाले दोघालेही येत नोतं.

"अन् समोर शाळा हाये. मास्तरले विचारलं का?"

उस्ताद बोलला, "विचाराचं त्याचं काम होतं." जमशेद बोलला, "माहा सवाल सरला होता."

मोतीबाईनं दोघाकडे असं पाह्यलं, जसं बाजारात कोनी तिले लंगडा बैल दाखवला. डबा घेतला अन् रस्ता ओलांडून गेली. इंद्रभान मास्तरनं चष्मा लावला, एका दमात वाचलं. पावडर आधी वाटीभर कढत पान्यात लापशीसारखी कालवाची, मंग हंडीत टाकाची, वरून मूठभर मीठ.

सात साल शाळेसमोर दुकान, अन् उत्तर रस्त्यापलीकडे होतं.

उरलेली पावडर घेऊन जमशेदनं तसंच केलं, तेच कापड परत बुडवलं. संध्याकाळी कापड लालबुंद निघालं. पाचसात डाग तरी राह्यलेच. मोतीबाईनं बोटानं मोजून पाह्यले.

"याच्यावर आरसे टाचतो मी," ते बोलली. "दिसनार नाई. पण पुढच्या बारीले आधी मास्तरकडे जाजा."

मोतीबाई गेल्यावर उस्तादनं घसा खाकरला. "कापड उतरलं म्हना. बोललो तं बोललो. हंडी तुही."

कवापासून? हे जमशेदच्या ओठावर आलं. त्यानं ते गिळलं. सात सालाची अक्कल कामी आनली, छाती फुगवली, अन् चुकीचं बोलला.

"मी काय म्हनतो उस्ताद, हंडी मी दोन सालानंच घेतो."

अन् शिवीची वाट पाह्यत उभा राह्यला.

"बरं," उस्ताद बोलला, अन् दुकानाची फळी लावाले लागला.

घरी अख्तरी दारातच बसली होती, रोजचा सवाल घेऊन.