दोघांत एक कुलूप

माझा नवरा आणि माझा भाऊ दोघेही लिफ्ट दुरुस्त करायचे. एकाच कंपनीत, एकाच जोडीत. आणि दादानं माझ्या नवऱ्याचा खून केला की नाही, ते आज अपील कोर्ट ठरवणार होतं. मी दादाच्या बाजूच्या बाकावर बसले होते. सासूबाई पलीकडच्या बाकावर. सकाळी एकाच टॅक्सीतून आलो, पण बाई माझ्याकडे ढुंकून बघतील तर शपथ!

लिफ्टवाल्यांचा नियम साधा. लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरण्याआधी मेन स्विचला ज्यानं त्यानं आपापलं कुलूप घालायचं आणि किल्ली खिशात ठेवायची. शेवटचं कुलूप निघेपर्यंत लिफ्ट हलत नाही. पण हे पडले मेहुणे-मेहुणे! दोघांत मिळून दादाचं एकच कुलूप. "वर घरचाच माणूस आहे की," असं माझा नवरा हसून म्हणायचा.

त्या दिवशी दादानं कुलूप काढलं, लिफ्ट सुरू केली आणि नवरा अजून खालीच होता. खालच्या कोर्टानं ठरवलं, नवऱ्याचंही कुलूप दादानंच काढलं, म्हणजे हे मुद्दाम केलं. का, तर आदल्या दिवशी सगळ्यांसमोर दादा त्याला "जीव घेईन तुझा" म्हणाला होता. अहो, चहात साखर कमी पडली तरी तो हेच म्हणायचा! झाली जन्मठेप, वर सासूबाईंना भरपाई. एकाच कुलपाचं मी सांगितलं, पण आरोपीच्या बहिणीचं कोण ऐकतं? आणि दादा मूग गिळून बसलेला. गेलेल्या माणसावर खापर फोडणार नाही म्हणे! असा संताप यायचा, वाटायचं गजांतून हात घालून कान उपटावा त्याचा.

आज दादाच्या वकीलबाईंनी परवानगी काढून थेट सासूबाईंनाच साक्षीला बोलावलं.

"तुमच्या मुलाचं कामाचं कुलूप कुठं असायचं?"

खरं सांगितलं तर सासूबाईंच्या स्वतःच्या लेकाचीही चूक ठरणार होती. त्यांनी कठड्यावरचा हात मागे घेतला, पुन्हा ठेवला.

"माझ्या कपाटाला," त्या म्हणाल्या. "दार लागत नव्हतं, म्हणून त्यानंच आणून लावलं. तेव्हापासून तिथंच आहे. नियम मोडायचा तो. मला माहीत होतं."

मी टुणकन उभीच राहिले. शिपायानं डोळे वटारले तेव्हा कुठं बसले.

न्यायमूर्ती दादाकडे वळले. "आता तरी बोला. लिफ्ट सुरू करण्याआधी हाक मारली होती?"

"मारली होती, साहेब." किती दिवसांनी ऐकला मी त्याचा आवाज! "पण तो ओ देईपर्यंत मी थांबलो नाही."

जेवणाच्या सुट्टीनंतर निकाल आला. खुनाची शिक्षा रद्द. हलगर्जीपणाचा गुन्हा मात्र खरा, पण त्याची शिक्षा भोगून झाली होती. दादा सुटला! भरपाई मात्र त्यानं द्यायचीच होती.

बाहेर जिन्यापाशी तो मान खाली घालून सासूबाईंसमोर उभा राहिला. वकीलबाई हळूच म्हणाल्या, "आजी, भरपाई माफ करायची असेल तर तसा अर्ज करता येतो."

"माफ? एक पैसा सोडणार नाही!" सासूबाई कडाडल्या आणि दादाचं मनगट घट्ट धरलं. "दर महिन्याला द्यायची. कुणाच्या हाती पाठवायची नाही. स्वतः घरी यायचं, माझ्यासमोर बसून जेवायचं, मग द्यायची. समजलं?"

दादानं मान डोलावली, तरी सासूबाई काही त्याचं मनगट सोडेनात.