शेंदराखालचा हात

माघ सरला होता. माळ करपला होता. पळस तेवढा पेटला होता, निष्पर्ण, निलाजरा, नखशिखांत तांबडा. काळ्याभोर रस्त्याच्या कडेला, त्या तांबड्या पळसाखाली, तांबडाच एक धोंडा उभा होता. धोंडा म्हणायची कुणाची छाती नव्हती. ते शेलारांचे सिदोजीबाबा.

पिढ्यापिढ्यांचा शेंदूर, तेलात कालवलेला, थरावर थर चढलेला. त्या तैलस्निग्ध, सिंदूरवर्ण, स्थूल देहाला चांदीचे डोळे, चांदीच्या मिशा. गुरं वळवून न्यायला आलेल्या लुटारूंशी बाबा एकटे लढले आणि इथंच पडले. आणि त्यांची बायको? ती त्याच रात्री माहेरी पळाली म्हणे. नाव उरलं नाही तिचं. पळपुटी, एवढंच उरलं.

म्हणून शेलारांच्या बाईनं त्या दगडाला शिवायचं नाही. हळदीच्या अंगाची नवरी रस्त्याच्या अलीकडं उभी राहायची, पदर पसरायची आणि मागं फिरायची. गजराक्काही तशीच फिरली होती. आता कपाळ कोरं झालं, केस कापसासारखे झाले, जीभ मात्र कोयत्यासारखी राहिली. सून कालिंदीनं माहेरचं नाव काढायचा अवकाश, की गजराक्का म्हणायची, "निघाली पळपुटी."

आज बाबांची पाटी उघडायची होती. निळी पाटी, पांढरी अक्षरं, वर जरीचं कापड. तालुक्याची मंडळी निघाली होती, डफ घुमत होता. अलीकडच्या कडेला गजराक्का ताठ उभी होती, जणू ती पाटी तिच्याच छातीवर ठोकायची होती.

रुंद होणाऱ्या रस्त्यावर आठवडाभर रोलर धडधडला होता. आता ऊन चढलं. शेंदरावर एक रेघ उमटली, केसाएवढी, मग बोटाएवढी. आणि पिकलं फळ देठ सोडतं तसं बाबांनी अंग सोडलं. ते अजस्र, आरक्त कवच धपकन मातीत बसलं. चांदीची एक मिशी घरंगळत गटाराशी गेली.

डफ थांबला. पाखरं थांबली.

आत दगड होता, काळा, कोवळा, काल घडवल्यासारखा. तलवार नव्हती. घोडा नव्हता. वर चंद्र, वर सूर्य, आणि त्यांच्याखाली एक हात. कोपरात वाकलेला, पंजा उभा, काकणांनी भरलेला.

"हा सतीचा हात," थोरले दीर तात्याबा पुटपुटले. "नदीकाठच्या देवळाशी असलाच आहे. नवऱ्यामागं जाळलेल्या बाईचा."

गजराक्काला ऊन थंड लागलं. पळाली नव्हती ती. कुठंच गेली नव्हती. इथंच होती, वीतभर शेंदराखाली, जळून, विझून, दगड होऊन. जिला घर पळपुटी म्हणत आलं, तिच्याच तोंडावर घर मिशा चिकटवत आलं. आणि तो शब्द अजून गजराक्काच्या तोंडात होता, निखाऱ्यासारखा, गिळवेना, थुंकवेना.

मुलगा संपत शेंदराची परात घेऊन पुढं झाला. "आक्का, कवच पडलं की नवं चढवायची रीतच आहे. गाड्या यायच्या आत लिंपून टाकतो. कुणाला कळत नाही."

"मला कळलं ना."

"घराण्याची पाटी आहे. लोक हसतील."

"हसू देत. आपण काय कमी हसलो तिला? ठेव ती परात खाली."

आणि शेलारांची थोरली बाई रस्त्यात उतरली. तापल्या डांबरावरून, अनवाणी, डोईवरचा पदर न सावरता. पलीकडं पोचली. वळली. "कालिंदे, ये."

कालिंदी हलली नाही. "मी कशाला? मी पळपुटी ना, आक्का."

माणसांनी माना खाली घातल्या. एरवी गजराक्कानं तिला उभी चिरली असती. आज तिनं फक्त हात पुढं केला, रिकाम्या मनगटाचा, आणि तो तसाच धरून ठेवला. बऱ्याच वेळानं कालिंदीची पावलं डांबरावर वाजली.

वळणावर गाड्यांची धूळ उठली. जरीचं कापड कुणी ओढलं नाही. त्या दोघी दगडाशी बसल्या, सासू आणि सून. गजराक्कानं पंजाला पंजा लावून पाहिला. लहान होता, पोरीचा होता. लोक म्हणतात, असा हात आशीर्वादाचा असतो. तो आशीर्वादाचा नव्हता. बोटं ताणलेली होती, काकणं कोपराकडं घसरलेली होती, आणि तळवा उभा होता, गावाकडं तोंड करून, कुणालातरी थांबा म्हणत, थांबा म्हणत, थांबा.