पिवळ्या कार्डाचा धनी

संघात त्याला नावाने कोणी हाक मारत नसे. सगळे भाचेबुवा म्हणत. मामा राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक आणि भाचा गोलरक्षक, म्हटल्यावर लोकांना आणखी काय हवं? अडवलेले गोल मामांच्या कृपेचे, सुटलेले तेवढे त्याचे स्वतःचे. बरं, मामांनी लाड करावेत, तर तेही नाही. सरावाला जरा उशीर झाला की सगळ्यांदेखत मैदानाला फेऱ्या मारायला लावत. तरी त्याला गुरूचा शब्द शिरसावंद्य. वडील लवकर गेले होते. चेंडूसमोर अंग झोकून द्यायला मामांनीच शिकवलं होतं.

पात्रता फेरीचा शेवटचा सामना परक्यांच्या मैदानावर होता. बरोबरी झाली तरी चालणार होतं. अडचण एकच होती. त्याच वेळी शेजारी देशाचा संघ दुसरीकडे गटातल्या अगदी लिंबूटिंबू संघाशी खेळत होता. इकडे एक-एक बरोबरी झाली आणि तिकडे ते तीन-शून्य जिंकले, तर दोघांचे गुण सारखे, गोलफरक सारखा, केलेले गोलही सारखे. आपसातले दोन्ही सामने आधीच बरोबरीत सुटलेले. मग ज्याची कार्डं कमी, तो स्पर्धेत. आदल्या दिवशी जेवताना व्यवस्थापकाने हे काढलं होतं.

"कार्डांतही आपण आणि ते बरोबरीत आहोत, साहेब. जरा जपून."

मामा हसले. "एवढ्या खोलात कोणी जात नाही. तू तिकिटांचं बघ."

सामना संपत आला तेव्हा इकडे एक-एक होतं आणि तिकडे शेजारी दोन गोलांनी पुढे होते. कोणीतरी दुखापतीने पडला, खेळ थांबला, तशी मामांनी भाच्याला पाणी प्यायला रेषेपाशी बोलावलं.

"चेंडू हातात आला की पडून राहा. उठायची घाई नको."

"मामा, पंचाने एकदा दटावलंय."

"दटावू दे. त्याने तू काय झिजतोस?"

"मला हे सोंग जमत नाही हो."

"स्वतःसाठी नको करूस, संघासाठी कर. मी बसलोय ना इथे."

पुढचा चेंडू छातीशी धरून तो पालथा पडला. गुडघा चोळला, हातमोजा काढून पुन्हा घातला. प्रेक्षक शिव्या घालत होते आणि त्याला त्या पटत होत्या. पंच चालत आला, खिशात हात घातला आणि पिवळं कार्ड वर धरलं. त्या दिवसाचं आमच्या संघाचं ते एकच कार्ड.

शिट्टी वाजली, पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली. व्यवस्थापक मात्र फोन हातात धरून तसाच उभा. शेजाऱ्यांनी शेवटच्या क्षणी तिसरा गोल केला होता. एकही कार्ड न घेता.

"काय भाचेबुवा," बचावपटू बूट काढता काढता म्हणाला, "पडायची परवानगी मामांची काढली होती का?"

त्याने हातमोजे पिशवीत टाकले. मामा सांगतीलच, असं त्याला वाटत होतं.

पत्रकारांसमोर दोघांना शेजारी शेजारी बसवलं. पहिलाच प्रश्न आला, "वेळ काढायची काय गरज होती?" मामांनी पाण्याचा घोट घेतला. माइक जवळ ओढला.

"मैदानावर निर्णय खेळाडूच घेतो. तो माझा भाचा आहे, म्हणून मी त्याला पाठीशी घालणार नाही."

खोलीत पसंतीची कुजबुज झाली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी लिहिलं, असा निःपक्षपाती माणूस विरळा. शिष्याचा भार गुरूने वाहावा, असं आपण ऐकत आलोय. इथे गुरूने आपलं गाठोडं शिष्याच्या डोक्यावर ठेवलं, आणि बघणाऱ्यांनी हात जोडले ते गुरूलाच.

पत्रकारांसमोरून उठल्या उठल्या बाहेरच्या बोळात त्याने मामांना गाठलं होतं. "तुम्ही सांगितलं होतं, मामा."

"हळू बोल. अरे, मी गेलो तर हा संघ नव्याने बांधणार कोण? तुझं तर वय होत आलंच आहे."

घरी पोचला तर आईचे डोळे रडून सुजलेले. त्याला वाटलं, आपल्यासाठी रडली.

"दादाला किती जड गेलं असेल रे," ती म्हणाली, "सख्ख्या भाच्याविरुद्ध चारचौघांत बोलायचं म्हणजे. आधी त्याला फोन कर. माफी माग."

सांगावं, असं ओठांवर आलं. पण पदरात लेकरू घेऊन आलेल्या बहिणीला ज्याने घर दिलं, तो हा भाऊ. तो मनातून उतरला तर तिच्याकडे उरतं काय? त्याने फोन लावला.

"आईला काही बोललास का?" मामांनी विचारलं.

"नाही."

"शाबास."

इतक्या वर्षांत, एवढे गोल अडवूनही, हा शब्द त्याला मिळाला नव्हता. त्याने फोन ठेवला.

"काय म्हणाला दादा?"

"शाबास म्हणाले."

"बघ," आई डोळे पुसत म्हणाली. "मनाचा मोठा आहे तो."